पावलं पुसायची, तारे ठेवायचे

कल्पना कर, तुझे बाबा म्हणजे एक हिरवा बाण आहेत.

नखाएवढा. निळ्या समुद्रावर टेकवून ठेवलेला. त्याचं टोक जिकडे, तिकडे बाबा चाललेत. तू खुर्चीवर पाय दुमडून बसतेस, पडद्याला नाक लागेल इतकी पुढे वाकतेस, आणि तुला वाटतं, आत्ता या बाणाच्या पोटात कुठेतरी बाबा बनियनवर बसून चहा पीत असतील. काल बाण इथे होता, आज बोटभर पुढे सरकला. बस, एवढंच. एवढं दिसलं की तुझा दिवस पुरा होतो.

केलीस कल्पना? आता आणखी एक कर. एका संध्याकाळी तू बाण बघायला येतेस, आणि दारातच तुला कळतं की आज तुझ्या बाबांना तुझ्याआधी दुसऱ्याच मुलीनं बघितलं.

“हर्षदाताई, तुझे बाबा सिंगापूरला पोचले!”

वाचनालयाच्या पायरीवरून सुमैया ओरडली. ती पहिलीत होती. पुढचे दोन दात पडलेले, त्यामुळे सिंगापूर म्हणताना तोंडातून नुसती हवा यायची. हर्षदा रस्त्यातच थांबली. दप्तराचा बंद खांद्यावरून घसरला, तो तिनं तसाच राहू दिला.

“तुला काय ठाऊक गो?”

“उल्काताईनं दाखवलं. बाण आता हलत नाय. धक्क्याला लागला.”

“तिनं दाखवलं?”

“हो! आम्हाला सगळ्यांना!”

मी आत टेबलापाशी पुस्तकांना कव्हर घालत होते. हर्षदा आली, कॉम्प्युटरसमोर बसली आणि तिनं आपलं बोटीचं पान उघडलं. बोट खरंच उभी होती, बाणाची टिकली झाली होती. एरवी बंदर आलं की ही मुलगी टाळ्या वाजवायची. त्या दिवशी कुणीतरी उष्टं ताट पुढे ठेवल्यासारखी ती पडद्याकडे बघत राहिली.

या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली. तेव्हा मी नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते. साखरबंदरच्या आमच्या वाचनालयाला बालविभागासाठी एक कॉम्प्युटर मिळाला आणि मुलांना तो कोण शिकवणार असा प्रश्न निघाला, तेव्हा मी हात वर केला. मला स्वतःला तो धड येत नव्हता. पण शिकवायला लागलं की येतं, हा माझा अनुभव. भूगोल मी तसाच शिकले होते.

एक कॉम्प्युटर आणि मुलं पुष्कळ. म्हणून आम्ही काही रीती पाडल्या. इंटरनेटवर एखादं पान फारच आवडलं, पुन्हापुन्हा लागणार असलं, तर पत्त्याशेजारच्या चांदणीवर टिचकी मारायची. मग ते पान वरच्या पट्टीत कायमचं बसतं, एका टिचकीत उघडतं. त्याला मुलं तारा म्हणत. प्रत्येकाला एकच तारा. आपला तारा आपणच टाकायचा आणि काढायचा झाला तर आपणच. कुणाचा तारा फुलपाखरांचा होता, कुणाचा क्रिकेटच्या गुणांचा. हर्षदाचा तारा बोटीचा.

तिचे बाबा मालवाहू बोटीवर फिटर होते. आमच्या खाडीकाठच्या बऱ्याच घरांतली माणसं अशी बोटीवर असतात. एकदा गेली की आठ-नऊ महिने येत नाहीत. ‘ओशन ग्रेस’ हे त्यांच्या बोटीचं नाव. जायच्या आदल्या दिवशी ते स्वतः वाचनालयात आले, जगातल्या बोटी नकाशावर दाखवणारं पान शोधलं, त्यात आपली बोट काढली आणि लेकीच्या वाटणीचा तारा आपल्या हातानं टाकला. रीतीत बसत नव्हतं, पण मी चालवून घेतलं. जाताना ते हर्षदाला म्हणाले, “किनारा जवळ असला तरच बाण दिसतो हां. एखाद वेळी नाही दिसला तर रडत बसायचं नाही. समजायचं, बाबा खोल पाण्यात आहे.”

आणि गणपती झाल्यावर उल्का आली.

उल्का खातू. कुठल्याशा कारखान्याच्या गावाहून आईबरोबर मामाकडे राहायला आली होती. हर्षदाच्याच वर्गात, पाचवीत. बोलायची कमी, पण लहान मुलं तिच्याभोवती गोळा व्हायची. तिला नकाशा वाचता यायचा. सुमैयाला मांडीवर घेऊन ती जुन्या ॲटलासमध्ये बंदरं दाखवायची. तिनं स्वतःचा तारा अजून टाकला नव्हता. तिची पाळी आली की ती वरची पट्टी उजळणी केल्यासारखी बघायची आणि बोटीवर टिचकी मारायची.

त्या संध्याकाळी हर्षदा खुर्चीवरून उठली आणि सरळ तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“तू माझ्या बाबांकडे का बघतेस?”

उल्का गोंधळली. “नुसती बघते.”

“तुझे बघ की!”

उल्कानं मान खाली घातली. ॲटलासचा कोपरा दुमडला होता, तो नखानं सरळ करत बसली.

“बोटीत पुष्कळ माणसं असतात,” सुमैया मध्येच म्हणाली. “एकटे तुझेच बाबा नाय काय.”

“तू गप गो, बोबडे!”

“मी बोबडी नाय! दात येणार आहेत मला!”

मी दोघींना गप्प केलं. घरी जाताना हर्षदा माझ्याबरोबर निघाली. आमची घरं एकाच वाटेवर. बंदराच्या उतारापर्यंत ती वाटेतले खडे पायानं उडवत आली. मग एकदम म्हणाली, “बाई, मी नऊ महिने वाट बघायची आणि तिनं फुकट बघायचं?”

“बघितल्यानं बाबा कमी होतात का गं?”

“होतात.”

हे ती अगदी ठामपणे म्हणाली.

“आधी मला एकटीला माहीत असायचं,” ती म्हणाली. “मी घरी जाऊन आईला सांगायचे. आज घरी गेले तर आई म्हणणार, हो, सुमैयाच्या आईनं सांगितलं मला मासळीबाजारात. मग मी कशाला जाऊ?”

“तू लेक आहेस ना त्यांची?”

“मग तिला सांगा ना तसं. तुम्ही तिलाच तर पुढे बसवता. तिचा नकाशा छान, तिचं अक्षर छान.” आणि वर, “माझं छान होतं तेव्हा तुम्ही एवढ्या मोठ्यांदा म्हणाला नव्हतात.”

मी हसले. ती हसली नाही.

बोट सिंगापूरहून सुटली आणि आफ्रिकेच्या डर्बन बंदराकडे निघाली. मधे नुसता समुद्र. बाण दिसेनासा झाला. पानावर नुसतं शेवटचं बंदर लिहिलेलं यायचं. मला वाटलं, बरं झालं, आता बघायलाच काही नाही तर भांडण मिटेल. पण झालं उलटंच. पाळी आली की उल्का ते पान उघडायची, लहान मुलं विचारायची, “दिसला?” आणि ती शांतपणे सांगायची, “नाही. खोल पाण्यात आहे.”

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा हर्षदाच्या हातातली पेन्सिल मोडली. हे शब्द तिच्या बाबांचे होते. तिनंच कधीतरी फुशारकीनं सगळ्यांना सांगितलेले. आता ते उल्काच्या तोंडून असे यायचे, जणू तिलाच कुणी जाताना सांगून गेलं होतं.

पुढच्या दिवसांत हर्षदानं करायचं ते सगळं केलं. उल्काची पाळी आली की पाच मिनिटं जास्त बसायची. तिची चप्पल पायरीखाली सरकवायची. माझ्याकडे येऊन सांगायची, “बाई, उल्कानं कीबोर्डवर शेंगदाण्याची सालं पाडली,” आणि सालं हर्षदाच्याच फ्रॉकच्या खिशातून डोकावत असायची. मी ओरडले नाही. मला वाटत होतं, हे तापासारखं आहे, आपोआप उतरेल.

मग शुक्रवार आला. हिशोबानं बोट डर्बनला पोचायला हवी होती. बंदर लागलं की हर्षदाचे बाबा कार्ड घेऊन फोन करत. थोडीच मिनिटं मिळायची, निम्मी आईची, निम्मी हिची. शुक्रवारी फोन आला नाही. तिच्या आईनं, भाटकर वहिनींनी, मला वाटेत थांबवलं. “बाई, तिकडे वादळबिदळ काही आहे का हो? तुमच्या कॉम्प्युटरवर दिसतं का?” मी बघितलं. वादळ नव्हतं. पण बाणही नव्हता.

त्या शुक्रवारी वाचनालय बंद होताना हर्षदा सगळ्यात शेवटी उठली.

दुसऱ्या दिवशी महिन्याचा शेवटचा शनिवार. आमचा पावलं पुसायचा दिवस.

हे काय, ते सांगते. कॉम्प्युटरवर आपण जी जी पानं बघतो, त्या सगळ्यांची तो आठवण ठेवतो. पत्त्याच्या जागी एक अक्षर टाइप केलं की त्या अक्षराची जुनी पानं लगेच पुढे करतो. एकदा एका मुलानं बिचाऱ्यानं कुणाला न विचारता शोधलं होतं, झोपेत अंथरूण ओलं होऊ नये म्हणून काय करावं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणी तेच अक्षर टाकलं आणि ते पान सगळ्यांसमोर वर आलं. तो मुलगा महिनाभर वाचनालयात फिरकला नाही. तेव्हापासून मी दर महिन्याला ती आठवण पुसायला लागले. मुलांना सांगितलं, पुळणीवर आपली पावलं उमटतात ना, भरती आली की जातात. पण होडी बांधायचा खुंट भरतीनं जात नाही. तसंच हे. पावलं पुसायची, तारे ठेवायचे.

पुसताना एक चौकट येते. काय काय पुसू, असं विचारते. त्यातल्या कुठल्या खुणा करायच्या आणि कुठल्या करायच्या नाहीत, ते मी हर्षदाला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. तेव्हापासून हे काम तिचं. ती खुर्चीवर बसायची, बाकीची मुलं मागे उभी राहायची, आणि शेवटचं बटण दाबल्यावर ती “भरती आली!” म्हणायची. मोठ्या मानाचं काम होतं ते.

त्या शनिवारी ती सगळ्यांच्या आधी येऊन खुर्चीवर बसलेली होती.

“आज उल्का करेल,” मी म्हणाले.

हर्षदानं माझ्याकडे बघितलं. “नाही बाई. मी करते.”

“तू दर वेळी करतेस.”

“मला येतं ना पण! तिला येत नाही. ती चुकीची खूण करेल.”

“मी उभी आहे मागे.”

“बाई, मला करू द्या. पुढच्या वेळी तिला द्या. बाई, फक्त आज. मी तुमच्या पाया पडते.”

सगळी मुलं हसली. तिचा चेहरा लाल झाला होता, डोळे भरले होते. मला वाटलं, हेवा तो हेवा, आता पाया पडण्यापर्यंत गेला. याला कुठेतरी आवर घालायला हवा. मी तिला दंडाला धरून उठवलं.

“तिला आधी विचारलंत का तुम्ही? तिला नकोच असेल!”

“मला नको, बाई,” उल्का पटकन म्हणाली. “तीच करू दे.”

“बस,” मी म्हणाले.

उल्का बसली. चौकट आली. मी एकेक खूण समजावली, तिनं एकेक केली. माझे डोळे तिच्या बोटांवर होते. तारे पुसले जातील असं तिनं काही केलं नाही, हे मी तेव्हाही शपथेवर सांगितलं असतं. ती शेवटच्या बटणापाशी थांबली आणि मागे वळून बघितलं. माझ्याकडे नाही, हर्षदाकडे. हर्षदा खिडकीत उभी होती, दोन्ही हातांनी गज धरून.

“दाब की,” सुमैया म्हणाली.

उल्कानं दाबलं. “भरती आली” कुणीच म्हणालं नाही.

सोमवारी मी पोचले तेव्हा आतून गलका ऐकू येत होता. हर्षदा कॉम्प्युटरसमोर बसली होती, मुलं तिच्याभोवती. शनिवार गेला, रविवार गेला, बाबांचा फोन अजून नव्हता. ती एकच अक्षर टाकायची, पुसायची, पुन्हा तेच टाकायची. कॉम्प्युटर काहीच पुढे करत नव्हता.

“बाई!” सुमैया माझ्या पदराला लोंबकळली. “बोटीचा ताराच नाय! उल्काताईनं बोट बुडवली!”

झालं. बाकीच्यांनी तेच उचललं. “उल्कानं बुडवली, उल्कानं बुडवली!” उल्का पुस्तकांच्या कपाटाला पाठ लावून उभी होती. पट्टीवर फुलपाखरं होती, क्रिकेट होतं, सगळे तारे होते. एकच नव्हता.

“गप्प बसा,” मी म्हणाले. “पावलं पुसून तारा जात नाही. कुणाचाच गेलेला नाही, मग हिचाच कसा जाईल?”

हे मी मुलांना म्हणाले, पण बघत हर्षदाकडे होते. तिनं वळून बघितलं नाही. आणि “उल्कानं नाही केलं” असंही म्हणाली नाही.

“सरक जरा. नावानं शोधू,” मी म्हणाले.

आम्ही ‘ओशन ग्रेस’ असं शोधलं. पडद्यावर यादी आली. एक चीनच्या किनाऱ्याला, एक ब्राझीलच्या, एक तुर्कस्तानात, एक खोल पाण्यात, आणखी एक खोल पाण्यात. मला तोवर ठाऊक नव्हतं की एकाच नावाच्या इतक्या बोटी असतात. माणसांसारख्याच.

“यातली बाबांची कुठली? झेंडा कुठला होता गं तिच्यावर?”

“माहीत नाही.”

“रंग?”

“बोटीचा रंग,” ती म्हणाली आणि थांबली. “मी बाणच बघायचे, बाई. बाकी कधी बघितलंच नाही.”

एकेक उघडून बघायला लागलो. सगळ्या लांबट, सगळ्या गंजलेल्या. “घरी आईला असेल माहीत,” मी म्हणाले. ती म्हणाली, आईला नावच माहीत आहे. “मग बाबांनाच विचारू फोन आला की.”

“फोन आलाच नाही तर?”

हे तिनं अगदी हळू विचारलं. तिचा हात माउसवर होता आणि पडद्यावरचा बाण ती यादीतल्या एका बोटीवरून दुसऱ्या बोटीवर नेत होती. बाबांचा नव्हे, आपण हलवतो तो.

“नंबर टाका,” कपाटापासून आवाज आला.

आम्ही सगळ्यांनी वळून बघितलं.

“बोटीला नंबर असतो,” उल्का म्हणाली. “नाव सारखं असलं तरी नंबर वेगळा असतो. फोटोच्या खाली लिहिलेला असायचा.” आणि तिनं सात आकडे म्हणून दाखवले. पाढा म्हणावा तसे, न अडखळता.

मी टाइप केले. पान उघडलं. पोटाला विटकरी पट्टा असलेली बोट. आणि डर्बनच्या किनाऱ्याबाहेर, बंदराच्या अगदी तोंडाशी, तशाच कितीतरी खड्यांच्या घोळक्यात एक हिरवा खडा. उभी असलेली बोट बाणासारखी दिसत नाही, टिकलीसारखी दिसते.

“हीच. नांगर टाकलाय,” उल्का जवळ येत म्हणाली. “बंदरात जागा नसली की अशा रांगेत उभ्या राहतात. म्हणून फोन नसेल आला.”

“नळावर हंडे लावतात तसं?” सुमैयानं विचारलं.

“तसंच.”

“म्हणजे उल्काताईनं बुडवली पण आणि काढली पण!”

मुलं हसली, पांगली. हर्षदा पडद्याकडे बघत होती. पाणी गालांवरून हनुवटीपर्यंत आलं तरी तिनं पुसलं नाही. मग तिनं न वळता विचारलं, “तू कशाला पाठ केलास?”

उल्का माझ्याकडे बघायला लागली, बोलू का अशी. मग म्हणाली, “माझे बाबा कुठे आहेत ते आईलाच माहीत नाही. एके दिवशी कामाला गेले ते आलेच नाहीत. कुठे बघायचं ते कळत नाही मला. तुझे दिसतात. म्हणून बघायचे.” आणि घाईघाईनं, “आता नाही बघणार.”

हर्षदा उठली. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल. पण तिनं दप्तर उचललं आणि पळत घरी गेली, आईला सांगायला. तारा तिनं पुन्हा टाकला नाही. मीही टाकला नाही. ज्याचा त्यानं टाकायचा, ही आमची रीत. नंबर मात्र मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला.

मंगळवारी ऑक्टोबरचं ऊन कौलांतून खाली उतरलं होतं. पंखा फुल्ल वेगात खडखडत होता, तरी मुलं घामानं चिकट झाली होती. उल्का आपली पाळी सोडून ॲटलास घेऊन कोपऱ्यात बसली होती. हर्षदा कॉम्प्युटरसमोर होती. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या, पण दोघींनाही दुसरी कुठे बसलीय ते पक्कं माहीत होतं.

तेवढ्यात भाटकर वहिनी आल्या. पायात एकच चप्पल, हातात मोबाइल पुढे धरलेला, पेटती समई न्यावी तसा.

“हर्षू! बाबा! बंदरात लागले! लवकर बोल, कार्डात थोडेच पैसे आहेत.”

हर्षदानं फोन दोन्ही हातांनी कानाला लावला. “बाबा,” ती म्हणाली, आणि पुढे काही वेळ नुसती मान हलवत राहिली, जणू त्यांना ती दिसत होती. जेवले का, वादळ लागलं का, असं काहीबाही विचारलं. मग एकदम थांबली. सगळी मुलं तिच्याकडे बघत होती.

“बाबा, तुमचा तारा मी काढला होता,” ती म्हणाली. “शुक्रवारी. मीच. दुसऱ्या कुणाला दिसू नये म्हणून. मला वाटलं, अक्षर टाकलं की मला एकटीला सापडेल, आणि शनिवारी पावलं मीच पुसणार, तर मी पुसल्यासारखं करणार आणि बटण दाबणारच नाही. पण बाईंनी मला पुसू दिलं नाही.” तिकडून काहीतरी विचारलं गेलं. “नाही, सापडली. उल्कानं शोधली. हो, तीच ती. तिला तुमच्या बोटीचा नंबर पाठ आहे, बाबा. मला नव्हता.”

मग तिनं फोन कानापासून काढला आणि सरळ कोपऱ्यात जाऊन उल्कापुढे धरला.

“घे.”

“मी?” उल्का ॲटलास छातीशी धरून मागे सरकली. “मी काय बोलू?”

“तुला जे विचारायचं असेल ते.”

“अगो, पैसे संपतील!” वहिनी म्हणाल्या. “तू तरी बोल नीट दोन शब्द, मग पुढच्या बंदरापर्यंत—”

“माझं झालं बोलून,” हर्षदा म्हणाली. झालं नव्हतं. तिच्या तोंडावरच दिसत होतं.

उल्कानं फोन घेतला. “हॅलो,” ती म्हणाली. मग अगदी बारीक आवाजात, “काका, खोल पाण्यात असताना तुम्हाला आमच्याकडचं काही दिसतं का?” आणि उत्तर ऐकायला तिनं दुसऱ्या कानावर तळहात दाबला, डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या.

हर्षदानं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा छताला खडखडणाऱ्या पंख्याकडे. मग ती भिंतीपाशी गेली, चवड्यांवर उभी राहिली आणि तिनं पंखा बंद केला.